मोहिमेवरून माघारी

मराठी भाषेत 'माघार घेणे' म्हणजे हार पत्करणे आणि 'माघारी येणे' म्हणजे घरी परतणे. एकाच शब्दाच्या पोटी हे दोन अर्थ जन्मले आहेत, आणि शिपाईगिरी करून परतलेल्या माणसाच्या वाट्यास हे दोन्ही अर्थ कित्येकदा एकदमच आलेले आहेत. मोहिमेवर निघणाऱ्यासाठी आपल्याकडे दसऱ्याचे सीमोल्लंघन आहे, ओवाळणी आहे, आपट्याचे सोने आहे. परतून आलेल्याच्या डोळ्यांना दारात पाणी लावतात, एवढाच काय तो विधी. त्याच्या पुढच्या आयुष्याची तरतूद करणारा विधी कोणत्याही पंचांगात नाही. ती तरतूद राज्यकर्त्यांनी व समाजाने करावयाची असते. ती त्यांनी कधी केली, कधी केली नाही, आणि न केल्याचे फळ काय मिळाले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

हा इतिहास पाहण्यास दूर जावयास नको. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या दक्षिणेस राणीसावरगाव नावाचे गाव आहे. या गावापासून उत्तरेस हिंगोली आणि पश्चिमेस अंबाजोगाई, म्हणजे निजामी अमलातील मोमिनाबाद, ही दोन्ही गेल्या शतकापूर्वीची लष्करी ठाणी होत. घोड्यांच्या टापांचा आवाज या मुलखाने पिढ्यान् पिढ्या ऐकलेला आहे. या मुलखातल्या शेतकऱ्याच्या घरात एक मुलगा नांगरामागे आणि एक घोड्यावर, ही गोष्ट नवलाची नव्हती. प्रश्न असा की, घोड्यावरचा मुलगा खाली उतरला म्हणजे तो कोठे जात असे?

शिवकाली या प्रश्नाचे उत्तर ऋतुचक्रातच होते. पावसाळ्यात फौज छावणीस परतावी आणि दसऱ्यास पुन्हा मुलूखगिरीस निघावी, असा शिवछत्रपतींच्या लष्कराचा शिरस्ता सभासदाच्या बखरीत नमूद आहे. फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. ज्यास सरकारातून घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. यांतील पुष्कळांचे घर, वतन आणि भाऊबंद गावीच असत. रणांगणाहून शेताकडे आणि शेताहून रणांगणाकडे अशी त्यांची ये-जा वर्षानुवर्षे चालू राही. म्हणून गावाशी असलेला त्यांचा धागा तुटत नसे. जो परतलाच नाही त्याच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' या नावाने नेमणूक करून देण्याची चाल पुढे पेशवाईतही दिसून येते. शिपाई मेला तरी त्याच्या घराची जबाबदारी सरकारावर राहते, हे तत्त्व त्या काळीही मान्य होते. अर्थात् ही सोय दरबारात ज्याचे नाव पोहोचले त्याचीच होई. पायदळातल्या साध्या माणसाची दाद लागे किंवा न लागे.

पेशवाईच्या अखेरीस हे चक्र मोडले. १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यांस सालीना आठ लाख रुपयांची नेमणूक मिळून ते ब्रह्मावर्तास गेले. मोठमोठ्या सरदारांच्या जहागिरींचाही कमीअधिक बंदोबस्त झाला. परंतु ज्यांच्या खांद्यावर ती सारी फौज उभी होती, त्या हजारो स्वारांना, गडकऱ्यांना आणि पायदळाच्या शिपायांना एका हंगामात चाकरी उरली नाही. ज्याची जमीन होती तो जमिनीकडे गेला. ज्याची नव्हती त्यास तलवार विकणे किंवा तिचा वाममार्गाने उपयोग करणे, एवढेच दोन मार्ग दिसू लागले.

याचा परिणाम दहा-पंधरा वर्षांतच दृष्टोत्पत्तीस आला. पुरंदरच्या आसमंतात गडाची रखवाली करणाऱ्या रामोशी लोकांचे वंशपरंपरागत हक्क पेशवाईच्या उत्तरकाळी हिरावले गेले होते. इंग्रजी अमलातही ते पूर्ववत् झाले नाहीत. त्यांतूनच उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले आणि १८३२ मध्ये त्यांस पुण्यात फाशी देण्यात आले. याच सुमारास खानदेशात निराळा प्रयोग झाला. तेथील भिल्लांच्या टोळ्या केवळ बळाने आवरत नाहीत असे पाहून १८२५ मध्ये लेफ्टनंट औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. तीरकमठा वापरणाऱ्या हातांस पगार, गणवेश आणि काम मिळाले आणि मुलखास बरीच स्वस्थता लाभली. दोन्ही ठिकाणी माणसे शूर आणि उपाशी होती. पुरंदरास त्यांची सोय झाली नाही आणि खानदेशात झाली, हाच काय तो भेद. इंग्रजांनी तो भूतदयेने केला असे समजण्याचे कारण नाही. बंदोबस्ताचा खर्च पगाराच्या खर्चाहून अधिक येतो, हा हिशेब त्यांस कळला होता.

निजामाच्या राज्यात या काळी वेगळी व्यवस्था होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि निजामाच्या खर्चाने एक कवायती फौज उभी झाली. १८५३ च्या तहाने तिच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून देण्यात आला आणि ती हैदराबाद कंटिन्जन्ट या नावाने ओळखली जाऊ लागली. हिंगोली व मोमिनाबाद ही तिचीच ठाणी होत. या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. ही पद्धत मूळची दक्षिणेचीच. इंग्रजांनी ती उचलून नियमांत बसविली. स्वाराने भरती होताना घोडा व सामान यांची किंमत रिसाल्यात भरावयाची; यास 'असामी' म्हणत. ज्यापाशी रोकड नसे त्यास रिसाल्यातून उचल मिळे आणि ती पगारातून फिटत जाई. पुढे चाकरी सोडून निघतेवेळी असामीची रक्कम त्याच्या हाती परत पडे.

असामीचे महत्त्व बारकाईने ध्यानात घेण्यासारखे आहे. स्वार घरी परतला तर रिकाम्या हाताने परतत नसे. बैलजोडी घ्यावी, विहीर खणावी, गहाण पडलेले शेत सोडवावे, एखादे दुकान मांडावे, एवढे भांडवल त्यापाशी असे. आणि ते कोणाची मेहेरबानी नसून त्याचे स्वतःचे असे. त्यायोगे गावातील सावकारापुढे त्यास पहिल्याच वर्षी हात पसरावा लागत नसे. १९०३ मध्ये या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपून तिचे रिसाले हिंदुस्थानच्या लष्करात मिळाले. त्यांतीलच एक, विसावा डेक्कन हॉर्स, १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत भाले रोखून तोफखान्याच्या युगावर चालून गेला. पहिल्या महायुद्धात घोडे व सामान यांचा संहार इतका झाला की, स्वाराने स्वतःचा घोडा आणावयाची पद्धत टिकणे अशक्य झाले. महायुद्धानंतर ती बंद पडली. तिच्याबरोबर असामीही गेली.

पायदळाच्या शिपायास घोडा नव्हता, म्हणून असामीही नव्हती. त्याचा आधार म्हणजे पेन्शन. मुंबई इलाख्याच्या फौजेतून निवृत्त झालेले पुष्कळ शिपाई कोकणात दापोलीच्या कँपात राहावयास आले. त्यांत महार पलटणींचे पेन्शनर बरेच होते. या मंडळींची कथा सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी आहे. फौजेत त्यांना नियमित वेतन मिळाले; हुद्दे मिळाले; शिवाय शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी पलटणीत शाळा होत्या. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत मुख्य शिक्षक होते. हुकूम ऐकावयाचा तसा द्यावयाचाही, वाचावयाचे, लिहावयाचे, हिशेब ठेवावयाचा, हे सारे या माणसांनी आत्मसात केले होते. असा माणूस पेन्शन घेऊन गावी परतला म्हणजे वेशीवरच त्याचा हुद्दा गळून पडे. ज्या पाणवठ्यावर त्याच्या बापास मज्जाव होता, तेथे सुभेदारासही मज्जावच असे. १८९० नंतरच्या दशकात दापोलीच्या पेन्शनरांनी आपल्या मुलांना तेथील सरकारी मदतीच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. मुलांस जागा मिळाली ती वर्गात नसून ओसरीवर.

या दापोलीकर पेन्शनरांत गोपाळबाबा वलंगकर हे अग्रेसर होते. मूळचे महाडजवळील रावढळचे. १८८६ मध्ये ते फौजेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी लेखणी हाती घेतली. अस्पृश्यतेचा समाचार घेणारी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका १८८८ मधील आहे. पुढे महार व तत्सम जातींची भरती बंद करण्याचे धोरण आले, तेव्हा ते मागे घ्यावे म्हणून १८९४ मध्ये त्यांनी अर्ज तयार केला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या शेजारी बसावयास कित्येक सभासद राजी नव्हते; नेमणूक मात्र कायम राहिली. भरती बंद झाली याचा अर्थ केवळ नोकऱ्या गेल्या एवढाच नव्हता. पगार, शाळा आणि मान ही तिन्ही ज्या एका दारातून येत होती, ते दारच मिटले.

सुभेदार रामजींच्या घरची एक हकीकत त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे लिहून ठेवली आहे. पेन्शननंतर सुभेदारांनी सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर खजिनदाराची नोकरी धरली होती. १९०१ च्या उन्हाळ्यात मुले त्यांस भेटण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नीटनेटके कपडे, हाती शिदोरी. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालू. रात्रभर त्या मुलांना कोणी पाणी दिले नाही. बाप सरकारी फौजेतला सुभेदार, त्यास पेन्शन चालू, शिवाय पैशांचा व्यवहार त्याच्या हाती. असे असता त्याची मुले तहानलेली राहिली. यावरून निवृत्त शिपायाच्या प्रश्नाचा गाभा कळून येतो. सरकार पैसा देऊ शकते; परंतु त्याच्या मुलांना पाणी देणे न देणे गावाच्या हाती असते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसे निरनिराळ्या कामांवर समुद्रापार गेली; सत्तर हजारांवर परतली नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले आणि गावास 'मिलिटरी अपशिंगे' हे नाव चिकटले. जे परतले त्यांत हातपाय गमावलेले पुष्कळ होते. अशांसाठी १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाची एक उद्योगशाळा निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीस आली. अपंग जवानास धर्मादाय अन्न न देता हाताला जमेल असा धंदा शिकवावा, हा तिचा हेतू. ही संस्था आजही चालू आहे. १९१९ मध्ये माजी सैनिकांच्या हिताचा विचार करण्यासाठी इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. तेच नावे बदलत १९७५ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखले जाते. मात्र याच युद्धासाठी १९१७ मध्ये उभारलेली महारांची १११ वी पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली, आणि तिचे शिपाई वीस वर्षांपूर्वीच्याच वेशीवर पुन्हा येऊन उभे राहिले. महार रेजिमेंट पुन्हा उभी झाली ती १९४१ मध्ये बेळगावास.

जगातील इतर राष्ट्रांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. रोमच्या ऑगस्टस बादशहाने निवृत्त शिपायांसाठी इसवी सन ६ मध्ये स्वतंत्र खजिना काढला आणि त्यासाठी वारसाहक्कावर कर बसविला. त्यांच्या वसाहतींतून पुढे कित्येक शहरे उदयास आली. अमेरिकेने २२ जून १९४४ रोजी, म्हणजे युद्ध चालू असतानाच, परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी आणि काम मिळेपर्यंत भत्ता अशी त्याची तीन अंगे होती. सुमारे ७८ लक्ष सैनिकांनी शिक्षणाच्या तरतुदीचा लाभ घेतला. परंतु ही कर्जे पेढ्यांमार्फत मिळावयाची असल्याने कृष्णवर्णीय सैनिकांस ती कित्येक ठिकाणी नाकारली गेली. मसूर स्टेशनावरील न्याय समुद्रापलीकडेही तोच होता.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचे सैन्य पंचवीस लाखांवर गेले. युद्ध संपताच त्यांपैकी बहुसंख्यांस घरी पाठवावयाचे होते. त्यांस कामधंदा मिळवून देण्यासाठी १९४५ च्या जुलैपासून देशात सेवायोजन कार्यालये उघडण्यात आली. १९४७ मध्ये निर्वासितांस आणि १९४८ पासून सर्व नागरिकांस त्यांची दारे खुली झाली. ज्या कार्यालयात नाव नोंदविण्यासाठी पुढे शहरोशहरीच्या सुशिक्षित तरुणांच्या पिढ्या रांगेत उभ्या राहिल्या, ते कार्यालय मुळात परतणाऱ्या शिपायासाठी निघाले होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. शिपायाची सोय नीट केली म्हणजे तिचा लाभ साऱ्या समाजास होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठवाड्यात मात्र याच सुमारास एक निराळाच प्रसंग उद्भवला. १९४८ च्या १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. जुलमी रझाकार संघटना नष्ट झाली, हे योग्यच झाले. परंतु तिच्याखेरीज निजामाच्या पदरी पिढ्यान् पिढ्या पगारी शिपाईगिरी करणारे लोकही होते. त्यांची फौजही मोडली. परभणी, नांदेड, औरंगाबाद या भागांतील चाऊस मंडळींचे पूर्वज दक्षिण अरबस्तानातील हद्रमौतहून आलेले. १८१८ मध्ये मालेगावच्या भुईकोटात चिवटपणे लढलेले अरब याच वर्गातले. मराठी राज्ये बुडाल्यावर अशा कित्येकांनी निजामाची चाकरी धरली होती. देवड्या, खजिने व सावकारांच्या पेढ्या यांवर त्यांचा पहारा असे. १९४८ नंतर ती चाकरीही राहिली नाही. त्या काळच्या कडवट वातावरणात त्यांच्या पुनर्वसनाचा विचार सावकाशपणे होणे कठीणच होते. पराभूत पक्षाच्या शिपायास पेन्शन कोण देणार? तरीही कालांतराने ही घराणी शेती, व्यापार व इतर उद्योगांत शिरली आणि या मातीची झाली. गावाने जेथे जागा दिली तेथे तलवारीचा माणूस तराजूचा माणूस होऊ शकला.

स्वतंत्र भारताने सैनिकांविषयीची जबाबदारी उघडपणे स्वीकारली. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो आणि त्या दिवसाच्या निमित्ताने जमणारा निधी माजी सैनिक व त्यांची कुटुंबे यांच्या कल्याणाकडे जातो. महाराष्ट्रात पुण्यास सैनिक कल्याण विभाग आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची कार्यालये आहेत. पाठीच्या कण्यास इजा होऊन पांगळ्या झालेल्या जवानांसाठी खडकीस १९७४ पासून खास केंद्र चालते. २००२ मध्ये राज्याने माजी सैनिकांसाठी महामंडळ काढले. सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत. समान हुद्द्यास समान निवृत्तिवेतन ही जुनी मागणी १ जुलै २०१४ पासून लागू धरून मान्य झाली. ही यादी लहान नाही. तथापि साधा जवान पस्तीस ते चाळीस या वयात निवृत्त होतो, ही गोष्ट विसरता कामा नये. त्या वयात मुले शाळेत असतात, आईबाप थकलेले असतात, आणि शेताची वाटणी होऊन चुकलेली असते. त्यास विश्रांती नको असते. दुसरे काम हवे असते.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तीत भरती झालेला तरुण चार वर्षे सेवा करतो. त्यानंतर चारांतील एकास पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. बाकीच्यांस पेन्शन नाही, पण सुमारे ११ लक्ष ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळावयाचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता हा निधी जुन्या असामीचाच दूरचा वंशज होय. तोही अंशतः शिपायाच्या पगारातूनच साठतो आणि निघतेवेळी त्याच्या हाती पडतो. परंतु एक भेद आहे. शिलेदार उमेदीची बरीच वर्षे रिसाल्यात घालवून, प्रपंचात मुरलेला असा परते. हा तरुण बाविशी-पंचविशीत परतणार. राणीसावरगावसारख्या कोरडवाहू मुलखातील गावात एवढी रक्कम घेऊन आलेल्या तरुणाभोवती सल्लागारांस तोटा नसतो. बहिणीचे लग्न, भावाचे कर्ज, नवी मोटारसायकल, आटलेल्या विहिरीशेजारी आणखी एक विहीर. चार वर्षांचा निधी चार महिन्यांत कसा सरतो, हे जाणत्यांस सांगावयास नको.

वरील हकीकतींवरून परतणाऱ्या शिपायास चार गोष्टींची गरज असते, असे दिसून येते. हाती थोडे भांडवल, ते राखण्याची अक्कल देणारा भरवशाचा माणूस, अंगच्या गुणांस साजेल असे काम, आणि गावात उजळ माथ्याने वावरण्याची मोकळीक. पहिली गोष्ट असामीने दिली, पेन्शनने दिली आणि सेवानिधीही देईल. तिसरीसाठी खडकीची शाळा आणि सेवायोजन कार्यालय निघाले. दुसरी व चौथी मात्र कोणत्याही सरकारी ठरावाने मिळालेल्या नाहीत. त्या शेजारी, शिक्षक, गावची पेढी, पंचायत आणि कारखानदार यांच्या हातच्या आहेत. शहरातील ज्या घरांतून माणसे नोकरीवर नेमली जातात, त्या घरांनी तर याचा विशेष विचार करावा. माजी सैनिक म्हटला की त्यास फाटकावर पहारेकरी म्हणून उभा करावयाचे, यापलीकडे पुष्कळांची कल्पना धावत नाही. वस्तुतः त्यांत यंत्रे दुरुस्त करणारे असतात, बिनतारी संदेश पाठविणारे असतात, दवाखान्यात काम केलेले असतात, कोठारांचा चोख हिशेब ठेवणारे असतात. नोकरी देतेवेळी त्याच्या छातीवरील पदकांची चौकशी मागाहून केली तरी चालेल. पलटणीत त्याने कोणते काम केले, हे मात्र प्रथम विचारावे.